पुढाकार (मराठवाडा)

पुढाकार : सामाईक कामाला कुणी सांगायची वाट न पाहता आधी हात घालणे आणि मग इतरांना त्यात ओढणे. पुढारी, पुढारपण आणि पुढाकार हे शब्द एकाच घरचे, पण मराठवाड्यात त्यांची कधीच वाटणी झाली आहे. पुढारी चौकातल्या फलकावर असतो. पुढाकार घेणारा फोटोत सहसा सापडत नाही, कारण फोटो निघतो तेव्हा तो सतरंज्या गोळा करत असतो. बोलीत याला 'म्होरं होणं' म्हणतात. 'तुमी व्हा म्होरं, आमी हावोतच मागं' हे पारावरचे ठरलेले वाक्य. तो पाठिंबा होता की टोमणा, हे दुसऱ्या दिवशी सकाळी टिकाव घेऊन कोण येते त्यावरून कळते.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत पाऊस बेभरवशाचा आणि शेती बहुतांशी कोरडवाहू. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की पेरणी थांबत नाही, आणि बैलजोडी प्रत्येकाच्या दावणीला नसते. या अडचणीतून 'वारंगुळा' आणि 'इर्जिक' या रीती रुजल्या. वारंगुळ्यात आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब पक्का, आणि तो तोंडीच. इर्जिकेत दहा-वीस औते (बैलजोडीसह नांगर-कुळव) किंवा माणसे एका शेतकऱ्याच्या रानात एकदम उतरतात. मजुरी नसते, जेवण असते. घरधनी आजारी असेल, बाई एकटी असेल, तर कुणीतरी संध्याकाळी चार घरी जाऊन सांगून येतो. त्या सांगून येणाऱ्याला कुठलेही पद नाही. त्याच्या शब्दावर माणसे येतात याचे कारण एवढेच, की तो स्वतः इतरांच्या इर्जिकेला गेलेला असतो. ट्रॅक्टर आल्यापासून दोन्ही रीती ओसरल्या. तरी एखाद्याचे नाव घेऊन 'तो बोलवला की येतो' असे अजून म्हणतात, आणि गावात ती साधी पावती मानली जात नाही.

पुढाकाराची दुसरी शाळा म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस कीर्तन, रोज पंगत, शेवटी काल्याचा प्रसाद. हजारो माणसांचे जेवण गावच करते. पोळ्या-भाकरी घरोघर होतात आणि टोपल्या गोळा करायला ट्रॅक्टर फिरतो. कुणाच्या घरून किती, पाण्याचा टँकर कधी, वाढपी कोण, मांडवाचा हिशेब कुणाकडे, हे सगळे कुठल्याही लेखी आदेशाशिवाय पार पडते. व्यवस्थापनाचे वर्ग घेणाऱ्यांनी एखादा सप्ताह स्वयंपाकाच्या चुलीपाशी उभे राहून पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्गणीची वही ज्याच्याकडे निर्धास्त सोपवली जाते, तोच माणूस पुढे शाळेची भिंत किंवा नाल्याचे खोलीकरण उभे करताना दिसतो. मात्र पोळ्या लाटणाऱ्या बायकांची नावे त्या वहीत नसतात.

निजामाच्या राजवटीत पुढाकार बहुधा मास्तरांकडून आला. सभा घ्यायला सरकारी परवानगी लागे आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे खासगी मराठी शाळा, वाचनालय आणि गणेशोत्सव एवढीच काय ती माणसे जमायची ठिकाणे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा ही त्यांतली ठळक उदाहरणे. दोन्ही ठिकाणी शिक्षक असलेले व्यंकटेश खेडगीकर म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२), हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते. १९३७ साली परतूरला हैदराबाद संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क सोडायला नकार दिला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, पण गावातला मास्तर पत्र वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा आणि भांडण मिटवणारा म्हणून पुढेही बरीच वर्षे टिकला. आता गुरुजी शहरातून मोटारसायकलवर ये-जा करतात. तो वेगळा विषय.

पुढे कुणी व्हायचे, हे गावात जातीने ठरत आले आहे, आणि ही गोष्ट टाळून या नोंदीला अर्थ राहत नाही. इर्जिकेत सगळे येत. पंगतीत सगळे एका ओळीत बसतच असे नाही. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. पाराच्या कडेला उभे राहणाऱ्या घरांतली मुले तिथे शिकून परत आली आणि पुढाकाराचा हक्क मागू लागली. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव १९७८ साली विधिमंडळात मंजूर झाला, तेव्हा अनेक गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. 'मराठवाडा' कायम ठेवून आंबेडकरांचे नाव जोडणारा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. गाव एक होते असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा कोणते गाव, हे विचारून घेतलेले बरे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे माळवद, म्हणजे सपाट धाबे, अशी घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद अंगावर आले आणि हजारो माणसे गेली. पूर्ण पडलेली गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरे तडकली होती आणि ती मालकांनीच दुरुस्त करून घ्यायची होती. पैसा सरकारचा, काम घरमालकाचे, माप अभियंत्याचे. या तिघांच्या मध्ये बोलणारे कुणी नव्हते. तिथे 'संवाद सहायक' म्हणून बायका नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतून हे काम उभे केले. ज्यांनी तोवर चावडीची पायरी चढली नव्हती त्या बायका घरोघर फिरून हप्ता केव्हा मिळणार, भिंतीतून आरपार दगड का घालायचे, माळवदावरची माती कमी का करायची, हे समजावू लागल्या. सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या. अभियंत्याला प्रश्न विचारायचा तर डोक्यावरचा पदर सावरत का होईना, मान वर करावी लागते. ती सवय नंतर गेली नाही. त्याच मंडळांतून बचत गट झाले, आणि गटांतून काही जणी ग्रामपंचायतीत गेल्या. २०११ पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा आहेत. खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याच्या हाती, हा 'सरपंचपती' प्रकार अर्थातच संपलेला नाही. पण ज्या गावात बाईने आधी गोण्या मोजल्या, तिथे सही करण्यापूर्वी ती कागद वाचून घेते.

दुष्काळाने याहून निराळा पुढाकार घडवला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशन या संस्थेची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यांपैकी अंबाजोगाई मराठवाड्यातला. पंचेचाळीस दिवसांत गावाने श्रमदानातून चर आणि बांध घालायचे. पहिले काही दिवस पाच-सात माणसेच माळावर जातात आणि बाकीचे गाव त्यांना हसते, हे बहुतेक गावांतले चित्र. हसणारे केव्हा येतात, याचे उत्तर भाषणात सापडत नाही. शाळेतली लेकरे खोरे घेऊन निघाली की बाप फार दिवस पारावर बसू शकत नाही. यंत्र आले की मात्र श्रमदान पातळ होते. डिझेलचे पैसे कुणी दिले यावर श्रेयाचे भांडण सुरू होते, आणि काही ठिकाणी बांध राहतो बाजूला.

आदर्श गाव म्हणून गाजलेले छत्रपती संभाजीनगरजवळचे पाटोदा हे निराळ्या बाजूचे उदाहरण. भास्करराव पेरे पाटील यांच्या कारभारात तिथे ग्रामपंचायतीचा कर भरणाऱ्याला दळण मोफत मिळू लागले. कर भरा असे सांगत फिरण्यापेक्षा पिठाच्या गिरणीचा पट्टा अधिक परिणामकारक ठरला. घरातली बाईच मग कराची आठवण करून देते. पेरे यांची भाषणे राज्यभर ऐकली जातात. तरीही २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांच्या कन्येचा पराभव झाला. बाहेरच्यांना याचे नवल वाटले. गावाने बदल ठेवून घेतला आणि घराणे नाकारले असाही त्याचा अर्थ लावता येतो, आणि तसा तो लावला तर निकाल वाईट नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने (ता. हिमायतनगर) घराघरापाशी सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे घेऊन उघडी गटारे आणि त्यांतले डास घालवले, पुढे जिल्हाभर तो 'नांदेड पॅटर्न' झाला. खड्डा खणणे हा पुढाकार सोपा असतो. गाळ भरल्यावर तो उपसायला कोण उतरते, तिथे खरी अडचण येते.

उसतोडीच्या पट्ट्यात, विशेषतः बीड जिल्ह्यात, पुढे होणाऱ्याचा आणखी एक नमुना आहे : मुकादम. तो दसऱ्याच्या आसपास टोळी घेऊन निघतो. प्रत्येक कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, त्याने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. टोळी त्याच्या मागे जाते ती या उचलीपायी. वारंगुळ्यातही देणे असतेच, पण तिथे आजचा देणेकरी उद्याचा घेणेकरी होतो. मुकादमाच्या वहीत पान सहसा उलटत नाही. त्याचा परिणाम गावच्या पुढाकारावरही होतो. वर्षाच्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी २६ जानेवारीच्या सभेला ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. झेंडावंदन होते, सभा भरते, ठराव वाचले जातात, आणि घरकुलाच्या यादीत ज्यांची नावे यायला हवीत त्यांच्या दारांना कुलपे असतात. मागे राहिलेली म्हातारी नातवंडांना शाळेत सोडून सभेला येते आणि कडेला बसून राहते.