एस०सी७ची कुळकथा

अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्या दिवसाचे हिशेब रात्री उरकतात. न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. म्हणून बडोद्यात, दांडिया बाजारात राहून मेनफ्रेमचं, म्हणजे या हिशेबांच्या मोठ्या संगणकांचं, काम करणाऱ्या माझ्यासारख्याचा फोन नेमका देवपूजेच्या वेळी वाजतो. पलीकडून एवढंच ऐकू येतं, "जॉब पडला, एस०सी७." जॉब म्हणजे एकामागून एक स्टेप असलेलं रात्रीचं एक काम, आणि एस०सी७ हा ते मध्येच बंद पडल्याचा कोड. नव्या मुलांना कोड तोंडपाठ असतात, त्यांचं कुळ मात्र माहीत नसतं. आणि कुळ माहीत नसलं की माणूस नको तिथे शोधत बसतो.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. चालता प्रोग्राम प्रोसेसरला कोणकोणत्या कारणांनी थांबवावा लागेल, त्या कारणांना तेव्हाच क्रमांक मिळाले. १ म्हणजे न समजलेली सूचना, ४ म्हणजे मनाई असलेल्या मेमरीत शिरकाव, ७ म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही. त्यांच्या आधी ऑपरेटिंग सिस्टिमने 'एस०सी' जोडलं. साठ वर्षं होऊन गेली, पण यातला एकही क्रमांक जागचा हललेला नाही. अशा मृत्यूला अबेंड म्हणतात, म्हणजे ॲबनॉर्मल एंड. जर्मनमध्ये आबेंड म्हणजे संध्याकाळ, आणि आमच्या धंद्यात शुक्रवारच्या संध्याकाळवरून यावर बरेच विनोद झालेत.

सातचं काय होतं ते जवळून बघू. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत रक्कम बहुधा पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवतात. एका बाइटमध्ये दोन आकडे, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह: सी असेल तर अधिक, डी असेल तर उणे. आता कुणी रकमेच्या जागी नुसत्या स्पेस पाठवल्या तर? मेनफ्रेमच्या एब्सिडिक लिपीत स्पेस म्हणजे ४० (अर्ध्या बाइटमध्ये ४, उरलेल्या अर्ध्यात ०). चिन्हाच्या जागी येतं शून्य, आणि शून्य हे चिन्हच नाही. बेरीज करायला गेलं की सात. म्हणून एस०सी७ आला की मी आधी प्रोग्रामला दोष देत नाही. डंपमधल्या (जॉब पडताना लिहून ठेवलेल्या मेमरीच्या नकलेतल्या) ऑफसेटवरून, म्हणजे चुकीच्या जागेच्या आकड्यावरून, लिस्टिंगमधली (प्रोग्रामच्या छापील प्रतीतली) ओळ काढायची, ओळीवरून फील्ड (रकमेचा रकाना), आणि मग तो रेकॉर्ड कुठल्या फाइलमधून आला ते बघायचं. वर्षानुवर्षं नीट चाललेला प्रोग्राम एका रात्रीत अडाणी होत नाही.

माझे काका इथल्याच एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होते. त्यांच्या कपाटात अजून पंच कार्डांचा (भोकं पाडून मजकूर नोंदवायच्या कार्डांचा) एक गठ्ठा आहे, पाठीमागे काकूंच्या वाणसामानाच्या याद्या. ऐंशी कॉलमचं हे कार्ड १९२८चं. जॉब कसा चालवायचा हे मशीनला सांगणाऱ्या जेसीएल भाषेची ओळ आजही ऐंशी अक्षरांचीच असते, तिची सुरुवात दोन तिरक्या रेघांनी होते आणि ७३ ते ८० हे कॉलम अनुक्रमांकाचे. "गठ्ठा हातातून पडला ना, की ते आठ कॉलमच देव," काका म्हणतात. स्क्रीनवरून काय पडणार? पण ७२च्या पलीकडे टाइप केलेला मजकूर मशीन अजूनही वाचत नाही, आणि आमचा एखादा मुलगा तासभर डोळे फाडून बघतो की ओळ तर बरोबर दिसतेय!

जेसीएलला नावं ठेवण्यात पुढे होते ते आयबीएमचे फ्रेड ब्रुक्स, ज्यांच्या हाताखाली ती तयार झाली. या भाषेची त्यांनी स्वतःच जाहीरपणे निंदा केली होती. तिच्यातली स्टेपची अट, कॉन्ड, पाहिली की ते पटतं. (४,एलटी) म्हणजे 'चार हा रिटर्न कोडपेक्षा (आधीच्या स्टेपने संपताना दिलेल्या निकालाच्या आकड्यापेक्षा) लहान असेल तर स्टेप गाळा'. चालवा नव्हे, गाळा! जॉब हिरवा आणि फाइल रिकामी असं दिसलं तर आधी हे तपासावं. रिटर्न कोड ०, ४, ८, १२ असे चारच्या पाढ्यात येतात, त्याचंही कारण जुनंच आहे: प्रोग्राममधल्या दुसऱ्या जागी उडी मारायची सूचना चार बाइटची, त्यामुळे कोड तसाच पत्त्यात मिळवला की योग्य जागी पोचता येतं.

बी३७ या अबेंड कोडची गंमत वेगळी. त्याचा अर्थ डिस्कवरची जागा संपली. जागा मागायची ट्रॅक (डिस्कवरचं एक वर्तुळ) आणि सिलिंडरमध्ये (अशा वर्तुळांचा संच), तेही १९८९च्या ३३९० डिस्कच्या मापाने. आजच्या स्टोरेजमध्ये ते सिलिंडर प्रत्यक्षात कुठेच नाहीत, सगळी बतावणी आहे. तरी नसलेले सिलिंडर संपतात आणि असलेला जॉब पडतो. लॉगमधल्या 'हॅस्प' संदेशांतला एच ह्यूस्टनचा. नासाच्या तिथल्या केंद्रासाठी साठच्या दशकात लिहिलेला स्पूलिंग (जॉब आणि छपाई रांगेत लावणारा) प्रोग्राम पुढे आजचा जेईएस२ झाला, पण संदेशांवरचं नाव राहिलंच.

एक जॉब पडणं परवडतं, रांग तुंबणं नाही. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या आरबीएस बँकसमूहात रात्रीचे जॉब क्रमाने सोडणाऱ्या शेड्युलरची नवी आवृत्ती गडबडली. म्हणून ती काढून जुनी बसवली, तर तीच जुळेना. ६५ लाख ग्राहकांना फटका बसला आणि २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५.६ कोटी पौंड दंड ठोठावला.

परवाचा आमचा सात एका शाखेच्या फाइलमधल्या स्पेसमुळे होता. रेकॉर्ड बाजूला काढला आणि चौथ्या स्टेपपासून जॉब पुन्हा सोडला. पण दुसऱ्या स्टेपने जीडीजीची (एकाच फाइलच्या क्रमाने ठेवलेल्या पिढ्यांची) नवी पिढी आधीच बनवून ठेवली होती, आणि पुढच्या स्टेपमधल्या +१चं (नवी पिढी) ० (आत्ताची पिढी) करायचं मी विसरलो. फाइल सापडत नाही म्हणून जॉब सुरूच झाला नाही. फोन पुन्हा वाजला तेव्हा पोह्यांचा पहिलाच घास हातात होता.