गुडघा सांधेरोपणातील भागांची जाडी

संपूर्ण गुडघा सांधेरोपणात हाडाचा जेवढा थर कापला, तेवढ्याच जाडीचा कृत्रिम भाग तिथे बसवायचा असतो. हा हिशेब चुकला की गुडघा आखडतो, नाही तर डळमळतो. मांडीच्या हाडावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये पॉलिइथिलीनची गादी (शस्त्रक्रियागृहातले ‘इन्सर्ट’) बसते. गरज पडल्यास वाटीच्या मागे प्लास्टिकची चकती लावतात.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक साधारण 9 मिमी कापतात. नडगीचे कमी झिजलेल्या बाजूने 9 ते 10 मिमी. निघालेला तुकडा कॅलिपरने मोजावा आणि करवतीच्या पात्याने खाल्लेला सुमारे 1 मिमी त्यात धरावा.

गादी बहुधा 9 किंवा 10 मिमीपासून मिळते, पुढे 1-2 मिमीच्या टप्प्याने जाड होत जाते. अनेक बनावटींत खोक्यावरच्या आकड्यात धातूच्या बैठकीची जाडीही मोजलेली असते, म्हणून प्रत्यक्ष प्लास्टिक किती हे तपासलेच पाहिजे. ते 6 ते 8 मिमीपेक्षा पातळ असेल तर दाब थोड्या जागेत एकवटतो, आत तडे जातात, पापुद्रे सुटतात.

याचा अर्थ जाड गादी चांगली असा मात्र नाही. साध्या गुडघ्यात 14 मिमीच्या पुढे जावे लागले, तर नडगी जास्त कापली गेली का हे आधी पाहावे. खाली हाड मऊ आणि निमुळते होते, बैठकीला आधार कमी पडतो.

मिरजेत 1894 पासून मिशन रुग्णालयाची परंपरा आहे. सांगली जिल्ह्याबरोबर उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढून आलेल्यांचे पाय फेंगडे झालेले असतात आणि नडगीची आतली बाजू खोल झिजलेली असते. त्या खड्ड्याच्या तळापर्यंत कापणे ही मोठी चूक. माप बाहेरच्या बाजूने घ्यावे. उरलेला खड्डा उथळ असेल तर सिमेंटने, खोल असेल तर रुग्णाच्याच कापलेल्या हाडाने किंवा धातूच्या ठोकळ्याने भरावा. आतले अस्थिबंध सैल करावे लागल्याने मधली फट वाढते, म्हणून अशा गुडघ्यात 12 मिमीची गादी बसली तर तो दोष नव्हे.

जाडी अखेर ठरते ती चाचणीच्या गादीवर. गुडघा सरळ करून आणि 90 अंशांत वाकवून, दोन्ही वेळा बाजूंना ताण देऊन पाहतात. दोन्हीकडे सैल असेल तर जाड गादी घ्यावी. वाकवल्यावर ठीक, पण पूर्ण सरळ होत नसेल, तर पातळ गादी हा उपाय नाही. त्याने वाकलेला गुडघा डळमळेल. आधी मागचे हाडाचे काटे काढावेत, मागचे आवरण सैल करावे, तरीही अडले तर मांडीचे हाड आणखी 2 मिमी कापावे. त्याहून जास्त कापत गेल्यास सांध्याची रेषा वर सरकते आणि वाटी खाली आल्यासारखी होते. फक्त वाकवल्यावर सैल असेल तर मागच्या बाजूने जाड, म्हणजे मोठ्या मापाची टोपी लागते.

वाटी मुळात 22 ते 26 मिमी जाड असते. चकती 8 ते 10 मिमीची, आणि खाली किमान 12 मिमी हाड उरलेच पाहिजे. एकूण जाडी मूळच्या वर गेली की दर 2 मिमीमागे वाकणे सुमारे 3 अंशांनी घटते, जिना उतरताना पुढे दुखते. हाड फार पातळ राहिले तर वाटी मोडते.

प्रत्येक भागाचे माप आणि जाडी असलेले स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत चिकटवून घ्यावे. पुढे केवळ गादी बदलायची वेळ आली, तर त्याच बनावटीची आणि बैठकीला जुळणारी गादीच बसते. स्टिकर नसेल तर एक्स-रेवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकला तर घट्ट बसलेली बैठकही काढावी लागू शकते.