सर्वेक्षणातील भारांकन

नमुना पाहणीत हाती आलेल्या प्रत्येक उत्तराला ठरावीक संख्यात्मक वजन देऊन नमुन्याची घडण मूळ लोकसंख्येच्या घडणीशी जुळवून घेण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीला भारांकन म्हणतात. ज्या गटातील माणसे नमुन्यात प्रमाणापेक्षा कमी आली असतील त्यांच्या उत्तरांना एकाहून अधिक, आणि जी जास्त आली असतील त्यांच्या उत्तरांना एकाहून कमी भार दिला जातो; मग टक्केवारी व सरासरी काढताना माणसांऐवजी त्यांच्या भारांची बेरीज धरली जाते. बाजार-संशोधनाच्या कचेऱ्यांत याला ‘वेटेज लावणे’ किंवा ‘डेटा वेट करणे’ असे म्हणतात. शाळेत भारित सरासरी शिकलेल्याला यातले गणित नवे नाही. अडचण असते ती भार कोठून आणायचे याची.

वडोदऱ्यातील मराठी घरांपैकी किती घरे थालिपिठाची भाजणी तयार विकत आणतात, हे एखाद्या उत्पादकाला जाणून घ्यायचे आहे असे समजू. (पुढील आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.) घरातील वाणसामान आणणाऱ्या ४०० व्यक्तींना प्रश्न विचारले, त्यांत १८ ते ३४ वयाच्या ६०, ३५ ते ५४ वयाच्या १२० आणि ५५ च्या पुढच्या २२० निघाल्या. तयार भाजणी आणणाऱ्यांचे प्रमाण या तीन गटांत अनुक्रमे ५५, ४० आणि २० टक्के आढळले. सर्वांची सरसकट मोजणी केली तर ४०० पैकी १२५, म्हणजे सुमारे ३१ टक्के घरे तयार भाजणी आणतात असे दिसते. परंतु शहरातील अशा व्यक्तींमध्ये या तीन वयोगटांचा वाटा खरोखर ३५, ३८ आणि २७ टक्के असेल, तर तरुण गटाला ३५ भागिले १५ म्हणजे २.३३, मधल्या गटाला १.२७ आणि ज्येष्ठांना ०.४९ इतका भार द्यावा लागतो, आणि उत्तर सुमारे ४० टक्क्यांवर जाते. एकाही उत्तरात फेरफार झालेला नाही, तरीही उत्पादकाच्या दृष्टीने बाजाराचे चित्र पुष्कळच पालटले आहे.

नमुना असा कलतो याची कारणे क्षेत्रकामातच असतात. सर्वेक्षक दुपारी फिरतो तेव्हा दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या वस्तीतील दार उघडते, घरातील आजी-आजोबा त्याला बसायला सांगतात आणि विचारले त्याहून अधिकच सांगतात; वासणा रस्त्यावरच्या किंवा भायलीकडच्या नव्या सोसायटीत मात्र फाटकावरचा रखवालदारच त्याला परत पाठवतो, आणि आत शिरता आले तरी नवरा-बायको दोघेही कामावर गेलेली असतात. मे महिन्यात गावी गेलेल्यांची घरे बंद, तर गणपतीत घर भरलेले असून वीस मिनिटे देणारे कोणी नाही, हा अनुभवही सर्वेक्षकांना नवा नसतो. म्हणून चांगल्या पाहणीत एकाच दारावर वेगवेगळ्या वेळी पुन्हा जाण्याचा नियम असतो, आणि तो पाळणे हे नंतर कागदावर भार लावण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

भारांचा पहिला प्रकार नमुन्याच्या आखणीतूनच निघतो. एखादी व्यक्ती निवडली जाण्याची संभाव्यता जितकी, तिच्या व्यस्त प्रमाणात तिचा भार. या नियमाला डी. जी. हॉर्विट्झ आणि डी. जे. थॉम्पसन यांनी १९५२ मध्ये सर्वसाधारण रूप दिले. प्रत्येक घरातून एकाच प्रौढाची निवड केली, तर पाच प्रौढांच्या एकत्र कुटुंबातील व्यक्तीची निवड होण्याची शक्यता एकट्या राहणाऱ्याच्या एक-पंचमांश असते, म्हणून तिच्या उत्तराला पाचपट भार द्यावा लागतो. घरातून नेमके कोणाला निवडावे यासाठी लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये तयार केलेला तक्ता आजही बाजार-संशोधनात ‘किश ग्रिड’ या नावाने चालतो. फोनवरून होणाऱ्या पाहणीत हाच प्रश्न उलट बाजूने येतो: ज्याच्याकडे दोन सिमकार्डे आहेत त्याचा क्रमांक लागण्याची शक्यता दुप्पट, म्हणून त्याचा भार निम्मा. आपल्याकडे दोन सिम बाळगणारे इतके आहेत की हा प्रश्न प्रश्नावलीत विचारला नसेल तर ती चूकच मानावी.

अल्पसंख्य गटाचा स्वतंत्र अभ्यास करण्यासाठी त्याचा नमुना मुद्दाम वाढवला जातो; त्याला ‘बूस्टर’ म्हणतात. वडोदऱ्यात सर्वसाधारण ६०० घरांची पाहणी केली आणि मराठी घरे दहा टक्के आहेत असे धरले, तर त्यांच्या वाट्याला ६० घरे येतात, आणि तेवढ्यावर त्यांच्या चवीविषयी काही ठामपणे सांगणे कठीण असते. म्हणून आणखी १४० मराठी घरे घेतली की मराठी घरे २०० आणि एकूण ७४० होतात. मराठी घरांविषयीचा तक्ता या २०० वर बेधडक करावा. पण संपूर्ण शहराचा आकडा काढताना त्यांना ०.३७ आणि इतर ५४० घरांना १.२३ हा भार दिला नाही, तर गोड वरणाची डाळ आणि गोडा मसाला यांचा शहरातील खप भलताच फुगलेला दिसेल. बूस्टर घेतल्याचे विसरून थेट एकूण टक्केवारी छापली जाणे ही या व्यवसायातील नेहमीची चूक आहे.

दुसऱ्या प्रकारचे भार माहिती गोळा झाल्यावर ठरतात. नमुन्याचे वय, लिंग, शिक्षण, वस्ती अशा लक्षणांनुसार गट पाडून त्यांची बेरीज बाहेरून ठाऊक असलेल्या बेरजांशी जुळवली जाते. वर दिलेला भाजणीचा हिशेब हे त्याचेच साधे उदाहरण. लक्षणे वाढली की गटांची संख्या झपाट्याने वाढते: सहा वयोगट, दोन लिंगे, पाच शैक्षणिक पातळ्या आणि चार विभाग एवढे घेतले तरी २४० कप्पे होतात, आणि त्यांतील कित्येक कप्प्यांत एकही माणूस नसतो. अशा वेळी कप्प्यांऐवजी केवळ प्रत्येक लक्षणाच्या एकूण बेरजा आळीपाळीने जुळवल्या जातात. आधी वयाच्या बेरजा जुळवायच्या, मग शिक्षणाच्या. त्याने वयाच्या बेरजा थोड्या बिघडतात, म्हणून पुन्हा वयाकडे वळायचे. सर्व बेरजा पुरेशा जवळ येईपर्यंत हे फेरे चालू ठेवायचे. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आणि फ्रेडरिक स्टीफन यांनी १९४० च्या अमेरिकी जनगणनेच्या निमित्ताने ही रीत मांडली. इंग्रजीत तिला पडलेल्या ‘रेकिंग’ या नावामागे जमीन दाताळ्याने सारखी करण्याची कल्पना आहे. या साऱ्या पद्धतींना एका सूत्रात बसवण्याचे काम झाँ-क्लोद देव्हिल आणि कार्ल-एरिक सार्नडाल यांनी १९९२ मध्ये केले.

भाराशिवाय केवळ मोठ्या आकड्यावर विसंबण्याचे प्रसिद्ध उदाहरण १९३६ मधले आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने दूरध्वनी-सूची, मोटारनोंदणी अशा याद्यांवरून सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून अध्यक्षीय निवडणुकीत आल्फ्रेड लँडन निवडून येतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट मोठ्या फरकाने विजयी झाले. ही गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांत येथेच थांबते. तिचा पुढचा भाग भारांकनाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे: त्याच मतपत्रिकेवर १९३२ मध्ये कोणाला मत दिले होते हेही विचारलेले होते, आणि त्या उत्तरांवरून भार लावला असता तर रूझवेल्टच विजयी ठरले असते, मात्र त्यांचे मताधिक्य कमी दिसले असते, असे शॅरन लोर आणि मायकेल ब्रिक यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. उपाय हाताशी असूनही तो वापरला गेला नव्हता. याच्या उलट, भार लावले पण चुकीच्या लक्षणांवर लावले, असेही घडते: २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अनेक राज्यांतील मतचाचण्यांनी वय व लिंगानुसार भार लावले, परंतु पदवीधरांचे नमुन्यातील आधिक्य तसेच राहू दिले, आणि त्या वर्षी मत नेमके शिक्षणानुसार विभागले गेले होते.

भारतात नमुना पाहणीची परंपरा जुनी व भक्कम आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, बंगालमधील तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांनी लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांच्या सहवासात स्तरित नमुन्याच्या (लोकसंख्येचे गट पाडून प्रत्येकातून घेतलेल्या नमुन्याच्या) वाटणीवर १९३५ मध्ये लेख लिहिला आणि पुढे पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजासाठी यादृच्छिक नमुन्याचा आग्रह धरला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या माहितीत प्रत्येक घरापुढे जो ‘मल्टिप्लायर’ दिलेला असतो तो भारच होय: ते एक घर देशातील किती घरांच्या वतीने बोलते हे तो सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यासाठी आणि देशासाठी असे निरनिराळे भार असतात, आणि ते पूर्णांकात नोंदलेले असल्यामुळे वापरण्यापूर्वी दहा लाखांनी भागावे लागतात. नवखा विश्लेषक येथे एकदा तरी अडखळतो.

भाराची विश्वासार्हता ज्या बाहेरच्या बेरजांवर तो बेतलेला असतो त्यांच्या विश्वासार्हतेपलीकडे जाऊ शकत नाही. भारतात या बेरजांचा मुख्य स्रोत जनगणना. शेवटची पूर्ण जनगणना २०११ ची आहे, २०२१ ची लांबणीवर पडली, आणि पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. २०११ मध्ये वडोदरा महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे १६.७ लाख होती. त्यानंतर भायली, सेवासी यांसारखी गावे शहराच्या हद्दीत आली आणि तेथे नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा २०११ च्या वयरचनेवर आजचा भार बेतणे म्हणजे जुन्या मापाने नवे कापड बेतण्यासारखे आहे. ग्राहकवर्गाच्या बाबतीत तर अडचण आणखी खोल आहे. २०११ पासून वापरात आलेल्या वर्गीकरणात घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत यांवरून ए-१ ते ई-३ असे बारा वर्ग पाडले जातात. हे वर्ग जनगणनेत नसल्यामुळे त्यांची प्रमाणे दुसऱ्या मोठ्या पाहण्यांतून घेतली जातात, आणि त्या पाहण्या स्वतःच भारित असतात.

वडोदऱ्यातील मराठी भाषकांची पाहणी करताना ‘मराठी’ कोणाला म्हणावे हेही आधी ठरवावे लागते. गायकवाडांच्या कारकिर्दीत आलेल्या घराण्यांच्या पुढच्या पिढ्या घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत हिंदी वा इंग्रजी बोलतात. कारखान्यांतील नोकऱ्यांसाठी आलेली कुटुंबे वेगळी. शिवाय मराठी सून असलेले गुजराती घर भाजणी आणते, पण मातृभाषेच्या रकान्यात गुजराती लिहिते. आडनावावरून यादी केली तर काही घरे सुटतात, काही उगाच शिरतात, आणि महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांच्या सभासदयाद्यांवरून निवड केली तर जे सभासद नाहीत त्यांची निवड होण्याची संभाव्यता शून्य राहते. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच, म्हणून अशा वगळलेल्यांची भरपाई कोणत्याही भाराने होत नाही. जनगणनेतील मातृभाषेचा आकडा लक्ष्य म्हणून घ्यायचा असेल, तर पाहणीतही प्रश्न त्याच शब्दांत विचारला पाहिजे. ‘घरात कोणती भाषा बोलता’ असे विचारून मिळालेले उत्तर मातृभाषेच्या बेरजेशी जुळवता येत नाही.

भारांची किंमतही मोजावी लागते. भार जितके असमान तितका अंदाजातील अनिश्चिततेचा पट्टा रुंदावतो. किश यांच्या सूत्रानुसार भारांच्या बेरजेच्या वर्गाला भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की नमुन्याचा परिणामी आकार, म्हणजे तेवढीच अचूकता देणाऱ्या बिनभाराच्या नमुन्याचा आकार, मिळतो. भाजणीच्या उदाहरणात तो ४०० वरून सुमारे २८० वर उतरतो, आणि ९५ टक्के विश्वासपातळीवरील कमाल चूक जवळपास पाच टक्क्यांवरून सहा टक्क्यांकडे सरकते. त्यातही ६० तरुणांच्या उत्तरांवर अंतिम आकड्याचा निम्म्याच्या जवळपास भाग उभा आहे, हे तक्ता पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. २०१६ मधील एका अमेरिकी मतचाचणीत एकोणीस वर्षांच्या एकाच तरुणाला सरासरी उत्तरदात्याच्या तीसपट भार मिळाला होता, आणि त्याच्या एकट्याच्या सहभागामुळे त्याच्या समाजगटाचा कल बदललेला दिसत असे. असे होऊ नये म्हणून भारांना वरची मर्यादा घातली जाते. त्याने अनिश्चितता घटते, पण नमुन्याचा मूळ कल थोडा परत येतो. मर्यादा कोठे घालावी याला सर्वमान्य नियम नाही; पाहणी करणाऱ्याने ती आकडे पाहण्यापूर्वी ठरवावी एवढेच म्हणता येते.

प्रत्येक भारामागे एक गृहीतक असते: एका गटातील ज्यांनी उत्तर दिले ते, ज्यांनी दिले नाही त्यांच्यासारखेच आहेत. वाणसामान आणायला जाणारी आणि दुपारी घरी सापडलेली तिशीची गृहिणी ही तिशीतल्या नोकरदार स्त्रीची जागा भारामुळे संख्येने भरते, पण तयार भाजणी आणायची की घरी दळून घ्यायची याचे तिचे कारण त्या नोकरदार स्त्रीचे कारण होत नाही. वयाबरोबर नोकरीचीही नोंद घेतली आणि दोन्हींवर भार लावले तर हे अंतर कमी होते, मात्र त्यासाठी नोकरदार स्त्रियांची काही घरे तरी नमुन्यात असावी लागतात. इंटरनेटवर स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्यांच्या पाहण्यांत निवडीची संभाव्यताच ज्ञात नसल्यामुळे हे गृहीतक अधिकच ताणले जाते, आणि कोटा ठरवून घेतलेल्या नमुन्यातही तीच स्थिती असते.

अहवालात भार लावण्यापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही पाये (टक्केवारी ज्या संख्येवर काढली त्या संख्या) छापण्याची, भारासाठी कोणती लक्षणे व कोणत्या वर्षाच्या बेरजा घेतल्या हे सांगण्याची, आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान भार नोंदवण्याची पद्धत चांगल्या संस्थांत पाळली जाते. लहान गटाचा तक्ता वाचताना पाहायचा तो भार लावण्यापूर्वीचा पाया. भाजणीच्या पाहणीत तरुणांच्या रकान्याखाली भारित पाया म्हणून १४० छापलेले असले, तरी प्रत्यक्षात बोललेली माणसे साठच आहेत.