स्प्रिंटची यादी म्हणजे शपथ नव्हे

स्प्रिंटच्या, म्हणजे ठरावीक छोट्या मुदतीच्या कामाच्या टप्प्याच्या, पहिल्या दिवशी घेतलेली सगळी कामं शेवटच्या दिवशी पूर्ण झालीच पाहिजेत, हा स्क्रमचा, म्हणजे सॉफ्टवेअर टीम वापरतात त्या कार्यपद्धतीचा, नियम आहे, असं टीममध्ये नव्याने आलेल्यांना आजही सांगितलं जातं. नियम तसा नाही.

स्क्रमचे जनक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडने, म्हणजे स्क्रमच्या नियमपुस्तिकेने, कामांच्या यादीबद्दलचा ‘कमिटमेंट’, म्हणजे वचन, हा शब्द २०११ मध्येच काढला आणि ‘फोरकास्ट’, म्हणजे अंदाज, असा शब्द घेतला. २०२० च्या आवृत्तीत कमिटमेंट परत आली खरी, पण ती स्प्रिंट गोलशी, म्हणजे त्या स्प्रिंटमध्ये जे साधायचं त्या उद्दिष्टाशी.

समजा, गोल आहे ‘ग्राहकाला यूपीआयने पैसे भरता यावेत’. पाचव्या दिवशी कळलं की बँकेचं उत्तर उशिरा आलं तर एकच व्यवहार दोनदा नोंदला जातो. मग आधी तो घोळ निस्तरायचा आणि पावतीची सजावट प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याशी, बोलून पुढे ढकलायची. याला अपयश म्हणणं टीमवर सरळसरळ अन्याय आहे. नवं कळेल तशी कामाची व्याप्ती पुन्हा ठरवायला गाइडची मुभाच आहे. फक्त गोल धोक्यात यायला नको.

दर्जा घसरू द्यायचा नाही, हे मात्र गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय. यादी संपवायची म्हणून शेवटच्या रात्री टेस्टिंग गाळलं, की मोडते ती नेमकी हीच अट.