९४ टक्के आणि ५ जागा: कौल कुठला, निवडणूक कुठली

बांगलादेशाचा विषय निघाला की इतिहास सांगणाऱ्यांत एक तरी जण हमखास सांगतो: तिथला लष्करशहा जनरल इर्शाद १९८५ साली ९४ टक्के मतांनी निवडून आला होता. नव्हता. १९८५ साली तो कुठल्याच निवडणुकीला उभा नव्हता. हे सांगितलं की दुसरा सरसावतो: "पण तुरुंगात बसून पाच जागा जिंकला होता ना? मग ते ९४ टक्केही खरेच असणार!" ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण हिच्यातलं अर्धं खरं आहे. पाच जागा तो खरोखरच जिंकला होता.

हुसेन मुहम्मद इर्शादच्या नावावर दोन जातींचे आकडे आहेत. एक जात कौलाची, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या "हो की नाही" मतदानाची, दुसरी निवडणुकीची. १९८५ चे ९४ टक्के पहिल्या जातीचे. दोन्हीत मतपेटी असते, रांग असते, शेवटी टक्केवारी असते. म्हणून लोक दोन्ही एकाच तक्त्यात कोंबतात आणि वर शीर्षक देतात, "निवडणूक कारकीर्द". पाकिस्तानच्या लष्करशहांचंही, मुशर्रफचं आणि झियाचं, तेच करतात.

निवडणूक म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही. ग्रामपंचायतीत भावकी फुटलेली आणि अनामत जप्त झालेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. घोळ आहे तो कौलाचा.

आधी शब्दाचं भांडण मिटवू. वर्तमानपत्रं अशा मतदानाला कधी "सार्वमत" म्हणतात, कधी "जनमत चाचणी". दुसरा शब्द मला डोळ्यांसमोर नको. चाचणी म्हणजे हजार-दोन हजार माणसांना विचारून काढलेला अंदाज. मतपेटीत पडलेल्या मताला चाचणी म्हणायचं नसतं. हा गोंधळ थोडा गोव्यातूनही आला असावा, कारण १६ जानेवारी १९६७ च्या तिथल्या मतदानाचं सरकारी इंग्रजी नाव "ओपिनियन पोल" असंच होतं. गोव्यातल्या मराठीने मात्र त्याला "जनमत कौल" म्हटलं. त्या नावातलाच "कौल" मी इथे वापरतोय.

गोव्याचं उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण कौल आणि निवडणूक यांतला फरक आपल्या शेजारी इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणवादी. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. कौल त्यांच्या विरोधात गेला. आणि दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं.

यात काही विसंगत नाही. कौलात लोकांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलं, निवडणुकीत माणसं निवडली. प्रश्न हरला तरी माणूस जिंकू शकतो. मग जो माणूस स्वतःलाच प्रश्न करून मतपत्रिकेवर ठेवतो, त्याचं काय?

कोकणात देवाला कौल लावतात तो ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. मूर्तीला कळ्या किंवा तांदळाचे दाणे लावतात. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. डावा कौल आला की लग्न मोडतं, विहिरीची जागा बदलते, निघालेला माणूस प्रवास पुढे ढकलतो. म्हणजे डाव्यालाही वजन असतं. कौल खरा की खोटा हे ओळखायला माझ्याकडे एवढी एकच कसोटी आहे: डावा पडला असता तर काय झालं असतं? उत्तर "काहीच नाही" असेल, तर उजव्याची टक्केवारी कितीही असो, तिला काडीची किंमत नाही.

आता इर्शाद. २४ मार्च १९८२ ला सेनाप्रमुख असताना त्याने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष अब्दुस सत्तार यांना हटवलं. डिसेंबर १९८३ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्षपदावर बसला. २१ मार्च १९८५ चा कौल असा होता: राष्ट्राध्यक्ष इर्शाद यांची धोरणं तुम्हाला मान्य आहेत का, आणि निवडणुकीने नागरी सरकार येईपर्यंत त्यांनीच कारभार चालवावा असं वाटतं का? हो किंवा नाही. अधिकृत निकालात "हो" ९४ टक्क्यांच्या वर.

समजा "नाही" पडलं असतं. लष्करी कायदा लागू होता, राजकीय हालचालींवर बंदी होती, आणि राष्ट्राध्यक्ष, सेनाप्रमुख, लष्करी कायद्याचा मुख्य प्रशासक हे तिघेही एकच गृहस्थ होते. "नाही" जिंकल्यावर खुर्ची कोणाकडे जाणार, हे मतपत्रिकेवर नव्हतं. समोर दुसरा माणूसच नव्हता. ९४ टक्क्यांनी तो कोणाला हरवून आला, हे मला कोणीतरी सांगावं.

पाकिस्तानच्या झिया-उल-हकने १९ डिसेंबर १९८४ ला याच्याही पुढची मजल गाठली होती. त्याच्या लांबलचक प्रश्नाचा मथितार्थ एवढाच: देशाचे कायदे कुराण आणि सुन्नतनुसार आणण्याची जी प्रक्रिया मी सुरू केली ती तुम्हाला मान्य आहे का? "हो" म्हटलं की झिया आणखी पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. इस्लामी देशात धर्माला "नाही" म्हणायची सोय कोणाला होती? आकडा अर्थातच ९७ च्या वर गेला. मुशर्रफने ३० एप्रिल २००२ ला मतदार यादीच ठेवली नाही, ओळख दाखवा आणि कुठल्याही केंद्रावर मत द्या. तोही ९७ च्या वर. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून "कोण जास्त लोकप्रिय" असे तक्ते काढणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

जाता जाता: पाकिस्तानचा झिया वेगळा, बांगलादेशाचा झिया वेगळा. बांगलादेशाचे झियाउर रहमान इर्शादच्या आधीचे. नंतर पंतप्रधान झालेल्या खालिदा झिया यांचे पती. पण आपल्या मुद्द्याला ते फारच उपयोगी आहेत, कारण त्यांनी दोन्ही प्रयोग वर्षभरात केले. मे १९७७ च्या कौलात त्यांना "हो" मिळालं जवळपास ९९ टक्के. जून १९७८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समोर मुक्तिवाहिनीचे सरसेनापती जनरल उस्मानी उभे राहिले, आणि झियाउर यांचा आकडा आला साडेशहात्तरच्या आसपास. देश तोच, राज्यकर्ता तोच, मोजणारेही त्याचेच. फक्त मतपत्रिकेवर दुसरं नाव आलं आणि बावीस टक्के गळाले. पाकिस्तानात लष्करशहा अयुब खानचंही तेच झालं. १९६० मध्ये ८० हजार "बेसिक डेमोक्रॅट्स"कडून, म्हणजे स्थानिक पातळीवर निवडलेल्या प्रतिनिधींकडून, ९५ टक्क्यांच्या वर होकार घेतला. जानेवारी १९६५ मध्ये तशाच ८० हजारांच्या मतदारसंघात समोर महंमद अली जिनांच्या बहीण फातिमा जिना आल्या, आणि २८ हजारांहून जास्त मतं त्यांच्याकडे गेली.

कौल म्हणजे नेहमी ढोंगच, असंही नाही. चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ ला जनरल पिनोशेने "हो की नाही" विचारलं आणि ५६ टक्के लोकांनी "नाही" म्हटलं. हुकूमशहा कौल हरला! फरक कुठे होता? "नाही" आल्यास खुली निवडणूक घ्यावी लागेल, हे पिनोशेच्याच १९८० च्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. मतदार याद्या होत्या, विरोधकांचे प्रतिनिधी केंद्रांवर होते आणि त्यांनी आपली मोजणी वेगळी केली. म्हणजे डाव्या कौलाला वजन होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरात निवडणूक झाली आणि पात्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले.

इथवर जे माझ्याशी सहमत आहेत तेही पुढे घसरतात. १५ ऑक्टोबर १९८६ ला इर्शाद राष्ट्राध्यक्षपदाची रीतसर निवडणूक लढला. लष्करातून निवृत्ती घेतली, अंगावरचा गणवेश उतरवला, समोर उमेदवार होते. ८४ टक्के मतं. "ही तरी निवडणूक म्हणाल की नाही?" मी म्हणत नाही. शेख मुजीब यांची अवामी लीग आणि झियाउर यांनी काढलेली बीएनपी या दोन्ही मोठ्या पक्षांचा बहिष्कार होता. दुसऱ्या क्रमांकावर वयोवृद्ध मौलाना हाफेज्जी हुजूर आले, सहा टक्केही मतं नाहीत. तिसऱ्यावर बांगलादेशाचे संस्थापक शेख मुजीब यांच्या हत्येच्या कटातला फारुक रहमान. ज्याच्या जिंकण्याची भीती सत्ताधाऱ्याला वाटावी असा एकही माणूस रिंगणात नाही, तर ती कौलाचीच धाकटी बहीण. आपल्याकडे सरपंच बिनविरोध निवडून येतो तेव्हा कधी गावाचं खरंच एकमत असतं, तर कधी दुसऱ्याला अर्जच भरू दिलेला नसतो. निकालाचा कागद दोन्हींचा सारखाच दिसतो.

संसदेच्या निवडणुकांचंही तसंच मोजा. मे १९८६ मध्ये अवामी लीग उतरली, बीएनपी नाही. इर्शादच्या जातीय पार्टीला ३०० पैकी १५३ जागा, अवामी लीगला ७६. गैरप्रकारांचे आरोप भरपूर, पण समोर खरा पक्ष तरी होता. तिला मी अर्धी निवडणूक म्हणेन. ("जातीय" म्हणजे बंगालीत राष्ट्रीय, आपली जात नव्हे. हेही दर वेळी सांगावं लागतं.) मार्च १९८८ मध्ये मोठ्या पक्षांनी पाठ फिरवली आणि जातीय पार्टी १५३ वरून २५१ वर गेली. लोकप्रियता वाढली म्हणून नव्हे, मैदान रिकामं झालं म्हणून.

६ डिसेंबर १९९० ला आंदोलनापुढे इर्शादने पद सोडलं. सूत्रं गेली न्यायमूर्ती शहाबुद्दीन अहमद यांच्याकडे, इर्शाद गेला तुरुंगात. २७ फेब्रुवारी १९९१ ला निवडणूक झाली, आणि त्याची खरी निवडणूक कारकीर्द इथून सुरू होते. या वेळी मोजणारे त्याचे नव्हते. पोलीस त्याचे नव्हते. बीएनपी आणि अवामी लीग दोघीही पूर्ण ताकदीने रिंगणात. बांगलादेशात तेव्हा एका उमेदवाराला पाच मतदारसंघांतून उभं राहता येई. इर्शाद पाच ठिकाणी उभा राहिला आणि पाचही जिंकला.

म्हणजे ९४ टक्के खरे ठरले? आता दुसऱ्या चुकीकडे वळू. पाचही जागा त्याच्या घरच्या रंगपूर भागातल्या. देशाच्या उत्तर टोकाचा तो गरीब मुलूख त्याला "रंगपूरचा छावाल" म्हणायचा, म्हणजे रंगपूरचा पोरगा. पक्षाचं चिन्ह नांगर, बंगालीत लांगल. ढाक्याने ज्याला रस्त्यावर येऊन उतरवलं, त्याला रंगपूरने आपला मानून उचलून धरलं. पण देशभराचा हिशेब केला तर जातीय पार्टीला ३०० पैकी ३५ जागा आणि सुमारे १२ टक्के मतं. लोकांना खरंच निवड करता आली तेव्हा सहा वर्षांपूर्वीचे ९४ टक्के जिथे उतरले, तो आकडा हा. पाच जागा दाखवून ९४ खरे ठरवणं म्हणजे माहेरच्या कौतुकावरून सासरचं मत ठरवण्यासारखं आहे.

उलट टोकाच्या लोकांनीही दमाने घ्यावं. "हुकूमशहा होता, त्याच्यामागे कोणी नव्हतं" हेही खोटं. १२ टक्के म्हणजे कोणी नाही, असं नसतं. जून १९९६ मध्ये तो पुन्हा तुरुंगातूनच पाच जागा जिंकला, पक्षाची मतं १६ टक्क्यांवर गेली, जागा ३२. अवामी लीगला १४६ मिळाल्या होत्या, बहुमताला थोड्या कमी. इर्शादने पाठिंबा दिला, शेख हसीना पहिल्यांदा पंतप्रधान झाल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये इर्शाद जामिनावर बाहेर आला. राष्ट्राध्यक्ष असताना ९४ आणि ८४ टक्क्यांतून जे मिळालं नव्हतं ते त्याला ३२ जागांनी दिलं: दुसऱ्यांनी दार ठोठवावं अशी किंमत.

मुशर्रफच्या खात्यात असलं काहीच नाही. ऑक्टोबर २००७ ची त्याची निवड संसद आणि प्रांतिक सभांच्या सदस्यांनी केलेली. २०१३ मध्ये तो परतला तेव्हा अर्ज फेटाळले गेले. सामान्य मतदाराने दुसरं नाव बाजूला ठेवून त्याच्या नावावर शिक्का मारला, असं एकदाही घडलं नाही.

इर्शादची शेवटची गंमत २०१४ ची. बीएनपीचा बहिष्कार होता, ३०० पैकी १५३ जागांवर बिनविरोध निवड झाली. इर्शादनेही निवडणुकीतून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं, पण त्याला लष्करी रुग्णालयात नेऊन ठेवलं गेलं, आणि रंगपूर-३ मधून तो निवडून आल्याचं जाहीर झालं. १९८५ मध्ये उभा न राहता जिंकलेला म्हणून ज्याची ख्याती, तो २०१४ मध्ये माघार घेऊनही जिंकला. ही कुठल्या रकान्यात टाकायची, ते मी तुमच्यावर सोडतो.