ताटांची अदलाबदल

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण. सगळे पन्नाशीच्या पुढचे, पण धडधाकट. पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. स्टीफन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन आठवड्यांपुरती या दोन गटांची ताटं बदलली. पिट्सबर्गकरांना मका, घेवडा, भाज्या, आंबा; खेड्यातल्यांना सॉसेज, पॅनकेक, बर्गर आणि फ्रेंच फ्राइज. पहिल्यांच्या जेवणातला चोथा (फायबर) रोजच्या १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला, दुसऱ्यांचा ६६ वरून १२ वर आला.

दोघांचं मूळ आफ्रिकेतलंच. तरी मोठ्या आतड्याचा कर्करोग आफ्रिकन अमेरिकनांत लाखामागे सुमारे ६५ जणांना होतो, तिकडच्या खेड्यांत पाचपेक्षाही कमी जणांना. सुरुवातीला दुर्बिणीने तपासलं, तर जवळपास निम्म्या अमेरिकनांच्या आतड्यात पॉलिप, म्हणजे छोट्या मांसल गाठी निघाल्या. आफ्रिकेतल्या एकाच्याही नाहीत.

चोथा आपल्याला पचत नाही. तो लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात ताटकळलेल्या जीवाणूंची पंगत बसते. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच. दोन आठवड्यांत अमेरिकन गटात ब्युटिरेट अडीच पट झालं, आफ्रिकन गटात निम्म्यावर आलं. अस्तराचा दाह आणि पेशी वाढण्याचा वेग ही कर्करोगाच्या धोक्याची लक्षणं मानतात. ती एका गटात उतरली, दुसऱ्यात चढली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अर्थात चाळीसच माणसं, दोनच आठवडे. कर्करोग व्हायला वर्षं लागतात. शिवाय चोथ्याबरोबर चरबी आणि मांसाचं प्रमाणही बदललं होतं, म्हणून सगळं श्रेय एकट्या चोथ्याला देता येत नाही. मला थक्क करतो तो वेग.

ब्युटिरेटचं नाव लोण्यावरून पडलं आहे आणि हे आम्ल तुपातही थोडं असतं. त्यावरून ‘आतड्यांसाठी रोज तूप’ असं ठासून सांगणारे भेटतात. पण तुपातलं ब्युटिरेट वरच्या आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत फारसं पोचत नाही. वरणभातावर तूप घ्यावं ते चवीसाठी.

आता ५५ ग्रॅम म्हणजे किती? १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीनच्या आसपास. नुसत्या भाकरीवर हा आकडा गाठायचा तर दिवसाला अर्धा किलोहून जास्त पीठ लागेल! मटकी, हरभरा, पालेभाज्या आणि फळं लागतातच. आणि एकदम वाढवलात तर पोट फुगतं, गॅस होतो. हळूहळू वाढवावं, पाणी भरपूर प्यावं.

वजनाचं गणित मात्र निव्वळ चोथ्याच्या ग्रॅमांवर सुटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातून आलेलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साध्या जिनसांचं जेवण. हवं तेवढं खा. ताटात वाढलेल्या अन्नात कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा, सगळं सारखं. तरी कारखान्याच्या खाण्यावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. साध्या जेवणावर तितकंच घटलं.

जास्त का खाल्लं गेलं? एक गोष्ट दिसली: मऊ, फारसं चावावं न लागणारं ते खाणं भराभर पोटात जात होतं. त्यात मुळात चोथा इतका कमी, की दोन्ही ताटं समान करायला तो सरबतात विरघळवून द्यावा लागला होता.