संशोधन अणुभट्ट्यांची इंधन-निर्यात : शासकीय छाननी

परदेशांतील संशोधन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियमचे इंधन, अथवा वैद्यकीय समस्थानिके तयार करण्यासाठी लागणारी युरेनियमची ‘लक्ष्ये’ (भट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यासाठी ठेवावयाचे तुकडे) पाठविण्याआधी निर्यातदार देशाचे शासन करीत असलेली तपासणी. येथे मुख्यतः अमेरिकेतील पद्धतीचा विचार केला आहे. सोव्हिएट संघही पूर्व युरोपातील भट्ट्यांना इंधन देत असे व १९८० च्या सुमारास त्याने त्या इंधनाची समृद्धी (त्यातील युरेनियम-२३५ चे प्रमाण) ३६ टक्क्यांवर आणली. तथापि तेथील निर्णयप्रक्रियेचे उघड दस्तऐवज तुटपुंजे आहेत.

युरेनियम-२३५ चे प्रमाण २० टक्के वा त्याहून अधिक असल्यास ते युरेनियम अतिसमृद्ध समजतात. ही सीमारेषा नेमकी कोठून आली, याविषयी एकमत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहौअर यांच्या डिसेंबर १९५३ मधील ‘शांततेसाठी अणू’ या भाषणानंतर १९५५ पासून झालेल्या द्विपक्षीय करारांत (पहिला तुर्कस्तानशी) ६ किग्रॅ. पर्यंत युरेनियम-२३५ देऊ केले होते व समृद्धीची मर्यादा २० टक्के होती. पुढे ती शिथिल होऊन ९० टक्क्यांवरील इंधनही जाऊ लागले. काहींच्या मते सीमारेषेला खरी मान्यता १९७७–८० मधील ‘आंतरराष्ट्रीय इंधनचक्र मूल्यमापन’ या बहुराष्ट्रीय अभ्यासाने मिळाली. करारांचा पुरावा आधीचा असल्याने ती करारांतून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तांत्रिकदृष्ट्याही ही मर्यादा अगदीच यादृच्छिक नाही : समृद्धी घटते तसे क्रांतिक वस्तुमान (साखळी प्रक्रिया टिकण्यास लागणारे किमान वस्तुमान) झपाट्याने वाढते, पण फार घटविल्यास युरेनियम-२३८ पासून होणारे प्लुटोनियम वाढते, त्यामुळे २० टक्क्यांच्या किंचित खालची समृद्धी ही तडजोड ठरते.

भारताच्या मे १९७४ मधील पोखरण चाचणीसाठी तुर्भे येथील सायरस भट्टीतील प्लुटोनियम वापरले गेले. या घटनेचा परिणाम म्हणून अमेरिकेत १९७८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी अधिनियम झाला. त्यानुसार परवाना अणु नियामक आयोग देतो; त्याआधी परराष्ट्र खाते ऊर्जा, संरक्षण इ. खात्यांशी विचारविनिमय करून निर्यात राष्ट्रीय सुरक्षेस बाधक नाही, असा अभिप्राय पाठविते. अतिसमृद्ध युरेनियम ५ ‘परिणामी किलोग्रॅम’हून अधिक असल्यास प्रकरण थेट आयुक्तांपुढे जाते. हे मान वजनाला अपूर्णांकात मांडलेल्या समृद्धीच्या वर्गाने (९३ टक्क्यांसाठी ०.९३ × ०.९३) गुणून काढतात : ९३ टक्क्यांचे १० किग्रॅ. युरेनियम सुमारे ८.६ भरते, तर १९.७५ टक्क्यांचे तितकेच युरेनियम ०.४ देखील भरत नाही. आयोगाने नकार दिल्यास राष्ट्राध्यक्ष निर्यातीस अनुमती देऊ शकतात व काँग्रेस ती रद्द करू शकते. या तरतुदीची गाजलेली कसोटी संशोधन भट्टीची नव्हे, तर तारापूरच्या वीजकेंद्राची होती : १९८० मध्ये आयोगाने एकमताने नकार दिला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो डावलला, प्रतिनिधिगृहाने कार्टर यांच्याविरुद्ध कौल दिला आणि सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी निर्यात वाचली.

अतिसमृद्ध इंधनासाठी १९९२ च्या ऊर्जा धोरण अधिनियमाने (शूमर दुरुस्ती) तीन अटी घातल्या : त्या भट्टीत चालेल असे कमी समृद्धीचे इंधन वा लक्ष्य उपलब्ध नसावे, ते उपलब्ध होताच वापरण्याची हमी ग्राहकाने द्यावी, आणि अमेरिकेत त्या भट्टीसाठी पर्याय विकसित करण्याचे काम चालू असावे. इंधन ‘चालेल’ केव्हा, तर ते अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत १९७८ पासून चाललेल्या समृद्धी-घट कार्यक्रमाच्या कसोटीस उतरले असेल आणि बहुतांश प्रयोग खर्चात मोठी वाढ न होता करता येत असतील तेव्हा. किती वाढ म्हणजे मोठी, हे कायद्याने सांगितलेले नाही. प्रत्यक्ष वाद बहुधा येथेच होतो.

म्यूनिकजवळील गार्चिंग येथील एफआरएम-२ भट्टी (२००४) अतिसमृद्ध इंधनावरच आखली गेली व तिचे युरेनियम रशियाकडून आले. नेदरलँड्समधील पेटेन भट्टी मात्र २००६ मध्ये कमी समृद्धीकडे वळली. २००५ मध्ये वैद्यकीय समस्थानिकांसाठी बेल्जियम, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स यांना वरील अटींतून सवलत मिळाली. २०१३ च्या आरंभी संमत झालेल्या कायद्याने तिला मुदत घातली व २ जानेवारी २०२२ पासून या कारणासाठीची निर्यात थांबली.

समृद्धी कमी करताना भट्टीच्या इंधनाचा प्रश्न घनतेचा आहे. तेवढेच युरेनियम-२३५ बसविण्यास ९३ टक्क्यांच्या तुलनेत १९.७५ टक्क्यांचे सु. ४.७ पट युरेनियम लागते. १९८८ मध्ये मान्य झालेले सिलिसाइड इंधन (घ. सेंमी.ला ४.८ ग्रॅ. युरेनियम) अनेक भट्ट्यांना पुरले; बेल्जियममधील बीआर-२ व ग्रेनोबल येथील उच्चअभिवाह (न्यूट्रॉनांचा दाट प्रवाह देणारी) भट्टी यांना ते अपुरे पडते, आणि ८ ग्रॅ. च्या घरातील युरेनियम-मॉलिब्डेनम इंधनावरील काम यासाठीच हाती घेण्यात आले.